आधी बाटली, मग बिनतारी: आपल्या शिवारातला पाऊस मोजून पोचवायचा कसा

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी पावसाळ्यात सकाळी पावणेनऊच्या सुमारास एक फोन वाजतो आणि दुसऱ्या रिंगला बंद होतो. खालच्या आळीतल्या आबांचा मिस्ड कॉल असतो तो. मिनिटभरात त्यांच्या बटणाच्या फोनवर मेसेज पोचतो: 'पाऊस 42.6 मिमी, 8:30 पर्यंत. तापमान 21.4. दाब उतरतोय.' मेसेज मी पाठवत नाही. पडवीत टांगलेल्या प्लास्टिकच्या डब्यातलं सर्किट पाठवतं. मी तेव्हा बहुतेक वेळा पुण्यात असतो.

हे सगळं उभं करायला मला तीन पावसाळे लागले. पहिला पूर्ण वाया गेला, कारण मी सुरुवातच उलट्या टोकाने केली. आधी सेन्सर आणले, मग वायरलेस, मग सोलर पॅनल. आकडे धडाधड येत होते, पण ते खरे की खोटे हे ताडून बघायला हाताशी काहीच नव्हतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी फनेल आणि बाटली, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग फोन, आणि शेवटी हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा परवान्यावर चालणारा बिनतारी संच. घाई असेल त्याने निदान बाटलीपर्यंत तरी वाचावं.

सरकारी आकडे असताना स्वतः कशाला मोजायचं, असं लोक विचारतात. त्यांना मी 2005 च्या जुलैची आठवण देतो. 27 जुलैच्या सकाळी संपलेल्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. सपाटीवरच्या एका शहरात एवढी तफावत पडते, मग घाटात एका डोंगराच्या दोन कुशींना किती पडेल? महाबळेश्वरहून पाचगणीला यायला वीसेक किलोमीटरही होत नाहीत, पण तेवढ्यात वर्षाचा पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तालुक्याचा आकडा आपल्या ओढ्याला लागू पडेलच असं नाही.

फनेल, कॅन आणि मापाचा ग्लास

लागतं काय, तर सरळ उभ्या काठाचं फनेल, त्याची नळी आत जाईल असा कॅन आणि 100 मिलिलिटरचा मोजमापाचा सिलिंडर. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात सिलिंडर मिळतो. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजू नका.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपलं फनेल लहान असतं, म्हणून त्याची आतली त्रिज्या सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, 3.14 ने गुणा आणि दहाने भागा. जो आकडा येईल तितके मिलिलिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. आतला व्यास 16 सेंटीमीटर असेल तर 20.1 मिलिलिटर येतात. हे माप फार सोयीचं, कारण हवामान खात्याच्या फायबरच्या पर्जन्यमापकाचं तोंडही 200 चौरस सेंटीमीटरचं असतं.

व्यास मोजताना कंटाळा करू नका. फनेल स्वस्तातलं असेल तर ते पूर्ण गोल नसतं, म्हणून पट्टी दोन दिशांनी लावा आणि सरासरी घ्या. 16 च्या जागी 15.5 धरलं तर वर्षभराचा प्रत्येक आकडा साडेसहा टक्क्यांनी चुकतो, आणि चुकतोय हे कळतही नाही.

आता कॅन केवढा घ्यायचा? दोन लिटरची बाटली शंभर मिलिमीटरला काठोकाठ भरते. देशावर ती बहुतेक दिवस पुरेल. कोकणात आणि घाटात पाच लिटरचा कॅनच हवा. हवामान खातं 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115.6 पासून अति जोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार पाऊस म्हणतं. शेवटची पायरी गाठली की आपल्या फनेलखाली चार लिटरवर पाणी साठलेलं असतं. सांताक्रूझचा तो पाऊस याच फनेलखाली धरला असता तर पाण्याचा वीस लिटरचा जार जवळजवळ भरला असता.

जागा मात्र जपून निवडा. खात्याच्या पद्धतीत पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून 30 सेंटीमीटरवर असतो. झाड, भिंत, कौलाची वळचण यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब राहा. फनेलवर पाणसळ ठेवून दोन्ही बाजूंनी समपातळी बघा आणि कॅन विटांमध्ये घट्ट बसवा, नाहीतर जूनच्या पहिल्याच वाऱ्यात तो शेजाऱ्याच्या अंगणात जातो. शहरात गच्चीशिवाय पर्याय नसेल तर कठड्यापासून जमेल तितकं आत या. कठड्यावरून उसळणारा वारा थेंब उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. वहीच्या पहिल्या पानावर 'गच्चीवर, चौथा मजला' असं लिहून ठेवा, म्हणजे पुढे आकडे बघणाऱ्याची फसगत होणार नाही.

वेळ एकच: सकाळी साडेआठ. भारतात पावसाचा दिवस आदल्या सकाळी साडेआठला सुरू होतो आणि आज सकाळी साडेआठला संपतो. जागतिक वेळेचे तीन वाजलेले असतात तेव्हा. रविवारी उशिरा उठून दहाला मोजलेला आकडा शेजारच्या गावाच्या आकड्याशी जुळवता येत नाही. पाऊस पडला नसेल तरी 0.0 लिहा. रकाना रिकामा राहिला तर पाऊस नव्हता की तुम्ही लग्नाला गेला होता, ते कळायला मार्ग उरत नाही.

आमच्याकडे वही आईच्या ताब्यात आहे. पहिल्या वर्षी तिला हे खूळ वाटायचं. आता मीच फोन करून विचारतो.

"आई, आज किती?"

"बहात्तर. तुझं यंत्र सदुसष्ट म्हणतंय. कुणाचं धरू?"

आईचंच धरायचं. का ते आता सांगतो.

यंत्राचा पाऊस

आपोआप मोजणाऱ्या यंत्रात एक छोटा दुहेरी कप असतो, लहान मुलांच्या सी-सॉसारखा. एक बाजू भरली की तो कलंडतो, दुसरी बाजू फनेलखाली येते. प्रत्येक कलंडीला चुंबक एका रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आलं की आतल्या पत्र्या जुळतात असा स्विच) जातं आणि सर्किटला एक टिचकी मिळते. साधारण एका टिचकीला 0.2 मिलिमीटर धरतात. पण कप कलंडत असताना वरून धार चालूच असते आणि तेवढं पाणी मोजणीतून निसटतं. रिमझिम पावसात फरक पडत नाही. धो धो कोसळतो तेव्हा, म्हणजे आकडा खरा हवा असतो नेमका तेव्हाच, यंत्र कमी दाखवतं. म्हणून दिवसाची बेरीज बाटलीची धरायची. यंत्राकडून घ्यायचं ते हे, की पाऊस कुठल्या तासात किती पडला. बाटलीला ते सांगता येत नाही.

यंत्राची परीक्षा घरीच घेता येते. औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणा. 402 मिलिलिटर पाणी मोजून घ्या आणि नळीचं चाक आवळून ते थेंब थेंब तासाभरात फनेलात सोडा. 16 सेंटीमीटरच्या फनेलला हा 20 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे शंभर टिचक्या यायला हव्यात. माझ्या आल्या 93. मग 20 भागिले 93, म्हणजे एका टिचकीला 0.215 हा आकडा प्रोग्रॅममध्ये घातला. नळ मोठा सोडून दहा मिनिटांत उरकू नका, तो प्रकार वेगळीच चूक मोजतो.

पत्र्या जुळताना रीड स्विच थरथरतो, त्यामुळे एका टिचकीच्या तीन मोजल्या जातात. एक टिचकी आली की पुढचे 200 मिलिसेकंद काहीही मोजू नको, असं प्रोग्रॅममध्ये सांगा. तरीही महिन्यातून एकदा झाकण उघडून बघावंच लागतं. माझ्या कपाखाली एकदा कोळ्याने जाळं विणलं आणि श्रावणातल्या भर पावसात यंत्र चार दिवस 'कोरडं' म्हणत राहिलं.

तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब यांसाठी बीएमई 280 हा चिमुकला सेन्सर पुरतो. घेताना एक खबरदारी घ्या: बीएमई म्हणून बऱ्याचदा बीएमपी 280 माथी मारतात. तो दाब आणि तापमान देतो, आर्द्रता देत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. प्रोग्रॅमने चिपचा ओळख क्रमांक वाचला की खरं काय ते कळतं: बीएमईचा हेक्समध्ये, म्हणजे सोळाआधारी आकड्यांत, 60, बीएमपीचा 58.

सेन्सर उन्हात ठेवला तर तो हवेचं नाही, स्वतःच्या प्लास्टिकचं तापमान सांगतो. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या ताटल्या सात-आठ घ्या. वरची सोडून बाकीच्यांना मधे भोक पाडा, लांब स्क्रू आणि नळीचे तुकडे घालून बोटभर अंतराने एकावर एक रचा आणि सेन्सर मधे टांगा. वारा आरपार जातो, ऊन आणि पाऊस आत येत नाहीत. हा मनोरा दीड-दोन मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब, शक्यतो गवतावर उभा करा. पत्रा किंवा स्लॅब जवळ नको.

दाबाचा आकडा नव्या माणसाला हमखास घाबरवतो. पुस्तकात 1000 च्या पुढेमागे म्हणतात आणि पुण्यात सेन्सर 945 दाखवतो. सेन्सर बिघडलेला नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि दर साडेआठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) उतरतो. दुसरी गंमत म्हणजे आपल्या भागात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वर्षी मला रोज दुपारी वादळ येणार असं वाटायचं. आता प्रोग्रॅम आजच्या साडेआठची तुलना कालच्या साडेआठशी करतो आणि दोन हेक्टोपास्कलहून जास्त फरक असेल तरच 'दाब उतरतोय' लिहितो.

बटणाच्या फोनपर्यंत

आबांकडे स्मार्टफोन नाही आणि त्यांना तो नकोय. बटणाचा फोन चार दिवस चार्जिंगशिवाय चालतो, चिखलात पडला तर पुसून खिशात जातो, आणि हेडफोनची वायर खोचली की तीच एफएमची एरियल होते. मेसेजला इंटरनेटही लागत नाही. टॉवर अर्धमेला असतानासुद्धा तो सरकत सरकत पोचतो.

सर्वांत सोपी रीत म्हणजे सकाळी वही बघून हातानेच मेसेज पाठवणं. दोन-तीन महिने हेच करा. कुणाला आकडा खरोखर हवा आहे आणि कोण नुसतं 'छान छान' म्हणतंय, ते तेवढ्यात कळतं.

मग सर्किट. माझ्याकडे सिम 800 एल नावाचं मॉड्यूल आहे. ते फक्त 2जीवर चालतं. मी त्यात आधी फक्त 4जी पुरवणाऱ्या कंपनीचं सिम घातलं आणि दोन दिवस नेटवर्क का धरत नाही म्हणून डोकं फोडून घेतलं. तुमच्या गावात 2जी कुणाचं येतं ते आधी जुन्या फोनमध्ये सिम घालून बघा. आज नव्याने घेत असाल तर ए 7670 सीसारखं 4जी मॉड्यूलच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

दुसरी ठेच विजेची. सिम 800 एलला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना ते क्षणभर दोन अँपिअर ओढतं. मोबाइलच्या साध्या चार्जरवर किंवा आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) पिनवर ते चालू होतं, दिवा लुकलुकतो आणि मेसेज पाठवायच्या वेळी बंद पडतं. लिथियमच्या 18650 सेलवरून थेट, आखूड जाड वायरने वीज द्या आणि मॉड्यूलच्या पायांशीच 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. माझ्या निम्म्या तक्रारी त्या एका कपॅसिटरने मिटल्या.

मिस्ड कॉलची युक्ती अशी. मॉड्यूलला कॉलरचा नंबर दाखवायला सांगायचं. रिंग आली की प्रोग्रॅम नंबर यादीत आहे का बघतो, कॉल कापतो आणि त्या नंबराला ताजा मेसेज पाठवतो. आबांचा पैसा जात नाही. यादी दहा-बारा जणांचीच ठेवा. खासगी सिमवरून शेकड्याने मेसेज सोडायला गेलात तर सिम बंद व्हायची वेळ येईल.

मेसेज मराठीत लिहिताना जागेचं भान हवं. इंग्रजी मेसेजात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त प्रत्येकी एक जागा खातात. 'पर्यंत' आपल्याला तीन अक्षरी शब्द वाटतो, फोनला तो सहा. वर दिलेला आबांचा मेसेज 53 जागांत बसतो. 70 च्या पुढे एक जरी खूण गेली तरी मेसेजचे दोन तुकडे होतात आणि काही जुने फोन उत्तरार्ध आधी दाखवतात.

मेसेजात फक्त मोजलेलं लिहा. 'दुपारी ढगफुटी होणार' वगैरे लिहायचा मोह होतो. एकदा लिहून चुकलात की तुमच्या 42.6 वरही कुणी विश्वास ठेवत नाही. इशारे हवामान खात्याचे, आकाशातल्या विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते लोकांना दाखवून द्या.

टॉवर गेल्यावर

मोठा पाऊस झाला की आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते आणि सगळे फोन खेळणी होतात. इथे हॅम रेडिओ उपयोगी पडतो. पण त्याला परवाना लागतो, आणि इंटरनेटवर स्वस्तात मिळणारा वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. यात पळवाटा शोधू नका.

परीक्षा दूरसंचार विभागाची, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. वयाची 12 वर्षं पूर्ण हवीत. रेडिओची तोंडओळख आणि नियम असे दोन भाग असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही आणि संकेतनाम व्हीयू 3 ने सुरू होतं. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स यावं लागतं, तिथे व्हीयू 2. आठवी-नववीचं विज्ञान पक्कं असेल तर दोन महिन्यांच्या अभ्यासात काम होतं. परीक्षा दिल्यावर परवाना हाती यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर सुरू केलेलं बरं.

पाच वॉटचा हातातला सेट सुरुवातीला पुरे. पैसे घालायचे ते एरियलवर. सेटसोबत येणारी रबरी शेपटी घरात बसून काही कामाची नाही. 145 मेगाहर्ट्झसाठी 49 सेंटीमीटरची एक तांब्याची सळई उभी, आणि तिच्या बुडाशी 52 सेंटीमीटरच्या चार सळया छत्रीच्या काड्यांसारख्या 45 अंशांत खाली. मधे एसओ 239 चा सॉकेट. खर्च काही शेकड्यांत. केबल पातळ आरजी 58 असेल तर पंधरा मीटरमध्ये जवळजवळ निम्मी ताकद वाटेतच विरते, त्यामुळे केबल आखूड ठेवा किंवा जाड घ्या. जोडावर चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला बाहेरच खाली एक झोका द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच गळतं. मी तो झोका न दिल्यामुळे पाणी केबलवरून थेट सेटच्या पाठीत उतरलं होतं. आणि गडगडाट सुरू झाला की बोलणं बंद, केबल काढून खिडकीबाहेर.

144 ते 146 मेगाहर्ट्झच्या या लहरी सरळ रेषेत जातात. आमच्या खोऱ्यातून पलीकडच्या डोंगरामागे काही जात नाही. तिथे 7 मेगाहर्ट्झची तार लागते: दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, आणि मुद्दाम बुटकी, तीन ते पाच मीटरवर. लहर जवळजवळ सरळ वर जाऊन परत खाली येते आणि डोंगर ओलांडून दोनशे-तीनशे किलोमीटरवर ऐकू येते. तुमच्या श्रेणीला कुठले बँड खुले आहेत ते परवान्यावरून तपासा.

फोनचं मॉड्यूल आणि रेडिओ एका टेबलावर ठेवू नका. मेसेज जाताना रेडिओतून टर्र-टर्र असा आवाज येतो, जुन्या टीव्हीजवळ मोबाइल वाजायच्या आधी यायचा तोच. उलट रेडिओचं बटण दाबलं की सेन्सरच्या लांब वायरी एरियलसारख्या वागतात. माझ्याकडे एका सकाळी तापमान उणे 40 नोंदलं गेलं होतं. सेन्सरच्या वायरी आखूड करा, त्यांवर फेराइटची कडी चढवा आणि एरियल निदान तीन-चार मीटर दूर न्या.

रेडिओवर आकडे सांगायची एक खास मराठी अडचण आहे. खरखरीत 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी', 'त्रेपन्न' आणि 'त्रेसष्ट' यांतला फरक ऐकू येत नाही. म्हणून एकेक अंक सुटा बोला: "सहा, नऊ, दशांश, चार." क्रम ठरलेला ठेवा: संकेतनाम, गाव, वेळ, पाऊस, तापमान, कालच्या तुलनेत दाब, आणि मग आकाश. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाणी, जाहिराती, सांकेतिक भाषा यांना या बँडवर मनाई आहे. आणि प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत.

आकडे यंत्रानेच रेडिओवर सोडायचे असतील तर एपीआरएस ही पद्धत आहे. तिच्या हवामानाच्या साच्यात तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात जातो. 25.4 मिलिमीटर म्हणजे 100. आर्द्रता शंभर टक्के असेल तर 00 पाठवतात. हे न वाचता सेल्सिअसचे 21 पाठवले तर नकाशावर तुमच्या गावात बर्फ गोठलेला दिसतो.

जाता जाता: जुन्या मार्गदर्शकांत अमेरिकेच्या नोआ 15, 18 आणि 19 या हवामान उपग्रहांची ढगांची चित्रं घरच्या एरियलवर उतरवायची कृती असते. तिच्या मागे लागू नका, ते तिन्ही 2025 मध्ये बंद केले गेले. रशियाच्या मेटिओर मालिकेतले उपग्रह अजून 137 मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, पण त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं.

दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी मी गावी जातो. फनेल घासायचं, पाणसळ लावायची, सलाइनची नळी सोडून टिचक्या मोजायच्या, 18650 सेल बदलायचा, टेपचे जोड चाचपायचे, सिमला रिचार्ज मारायचा. गेल्या वर्षी एवढं सगळं करून पहिल्या पावसाला आबांना मेसेज गेलाच नाही. त्यांनी नवा नंबर घेतला होता आणि यादीत जुनाच होता. आता त्या रविवारी आधी खालच्या आळीत चहाला जातो आणि सगळ्यांचे नंबर विचारून घेतो.